गोंदपट्टीला चिकटलेली पाल

पावसाळा लागला की उंदीर घरात शिरतात, आणि गोव्यातल्या कौलारू घरांत फ्रीजमागे, कोठीच्या खोलीत गोंदपट्टी पसरली जाते. रात्री तिच्यावर आधी पाखरं आणि झुरळं चिकटतात. त्यांना खायला आलेली पाल सकाळी पोटावर पालथी सापडते. पुष्कळदा ती जिवंत असते. जीव जातो तो ओढाओढीत.

पालीची कातडी पातळ, चटकन फाटणारी. शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याच्या रेघा असतात, त्यामुळे शेपूट धरून ओढली तर ती हातात येते. शेपटीत पालीची चरबी साठवलेली असते, म्हणजे जखमेबरोबर शिदोरीही गेली. तेव्हा आधी कात्रीने पट्टीचा तेवढाच तुकडा कापून घ्या आणि भोवतालच्या उघड्या गोंदावर पीठ भुरभुरा, म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटणार नाही. पीठ तिच्या तोंडावर उडू देऊ नका.

हा गोंद पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र मऊ होतो. घरचं खोबरेल पुरतं. 24 अंशांखाली ते थिजतं, म्हणून डिसेंबरच्या सकाळी तळहातावर चोळून पातळ करा. रॉकेल किंवा थिनर चुकूनही नको, ते कातडीतून अंगात भिनतं. इयरबडने थेंब थेंब तेल कडेला सोडा, पाचेक मिनिटं थांबा, मग बड कातडीखाली सरकवत न्या. आधी हनुवटी, मग पोट, शेपटी शेवटी. नाकपुड्यांत तेल गेलं तर पाल गुदमरते.

बोटांपाशी सर्वात जास्त धीर लागतो. बोटांखालच्या पट्ट्यांवर असंख्य सूक्ष्म केस असतात. प्रत्येकाला शेकडो फाटे फुटलेले असतात आणि भिंतीच्या रेणूंशी होणाऱ्या व्हॅन डर वाल्स आकर्षणावर, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण ओढीवर, पाल तोलून राहते. पाऊल उचलताना ती बोट टोकाकडून वर गुंडाळते. आपणही तसंच, टोकाकडून मागे सोडवायचं. उलट बाजूने ओढलं तर या पट्ट्याच सोलून निघतात.

सुटल्यावर तेल धुवायलाच हवं. कोरडी धूळ चालता चालता झडते, तेल झडत नाही आणि पाय घसरत राहतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, फक्त पोट आणि पाय बुडवा, मग साध्या पाण्याने धुवा. डोकं बाहेरच ठेवा. घरच्या पालीला पापण्या नसतात, साबण थेट डोळ्यांवर जातो.

नंतर दोन लिटरचा आइस्क्रीमचा डबा, झाकणाला सुईने पंधरा-वीस भोकं, तळाशी ओलसर टिश्यू, लपायला पुठ्ठ्याची नळी. डबा सावलीत ठेवा, उन्हात बंद डब्यात पाल काही मिनिटांत मरते. इथल्या हवेत दिव्याची ऊब लागत नाही. डब्याच्या भिंतीवर पाण्याचे थेंब शिंपडा, पाल ते चाटून पिते. तोंड उघडून अन्न कोंबू नका, जबडा मोडू शकतो. धडधाकट पाल दोन दिवस सहज उपाशी राहते.

ती डब्याच्या उभ्या भिंतीवर न घसरता चढली की सोडायची वेळ झाली. चढत नसेल तर पायांवर तेल उरलंय, पुन्हा धुवा. बोटांवरचे काही केस गेले असले तरी पुढच्या काते‍बरोबर नवे येतात. पट्ट्याच सोलल्या असतील किंवा कातडी फाटली असेल तर पशुवैद्याला दाखवा. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, पालीच्या विष्ठेत साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो. सोडायचं ते तिन्हीसांजेनंतर, जिथे सापडली त्याच भिंतीपाशी, आणि तिथली गोंदपट्टी उचलून उंदरांचा पिंजरा लावल्यावरच.