जुन्या सिस्टीमवरचं डिजिटल सरकारी काम (ग्रामीण विदर्भ)

जुने कॉम्प्युटर, जुने फॉन्ट, हातानं लिहिलेलं रेकॉर्ड आणि कधी असते कधी नसते असं नेट, हे सगळं आहे तसंच ठेवून त्याच्यावरच ऑनलाइन सेवा चालवायच्या आणि ते चालवणारी माणसं पण तयार करायची, असं हे काम. विदर्भाच्या 11 जिल्ह्यांतल्या खेड्यांत ते मुख्यतः तलाठी, ग्रामसेवक आणि आपले सरकार सेवा केंद्रावरचा ऑपरेटर यांच्याच अंगावर पडते. (2024 ला पहिल्या दोघांची पदनावं ग्राम महसूल अधिकारी न ग्रामपंचायत अधिकारी झाली, गावात मात्र जुनीच नावं चालतात.)

ट्रेनिंग म्हणाल तर 2001 ला एमएस-सीआयटी आलं, सरकारी कर्मचाऱ्याला कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागायला लागलं, 2020 ला केंद्राचं मिशन कर्मयोगी आलं, त्याचे कोर्स मोबाईलवर पाहता येतात. हे गरजेचंच होतं. पण त्यात वर्ड, एक्सेल, ईमेल शिकवतात, साझ्यावर (तलाठ्याच्या गावांच्या हद्दीत) समोर येणारी अडचण वेगळीच असते.

सातबाराचंच घ्या. खरेदीखत नोंदलं की ई-फेरफार या सिस्टीममधून माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे येते, तो फेरफार (मालकी बदलाची नोंद) घेतो, नमुना 9 ची नोटीस काढतो, 15 दिवस हरकतीची वाट पाहायची, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळते, कास्तकाराची तहसीलची चक्कर वाचली, हे खरंच मोठं काम झालं. अडते ते मागच्या रेकॉर्डात. विदर्भाचा बराच भाग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, म्हणून इथल्या जुन्या कागदांवर 1954 च्या तिथल्या कायद्यातले भूमिस्वामी, भूमिधारी हे शब्द दिसतात, आणि आजच्या सातबारावर मात्र भोगवटादार (जमीनधारक) वर्ग 1, म्हणजे विकायला मोकळा, नाहीतर वर्ग 2, म्हणजे विकण्यावर बंधन असलेला. भूमिधारी म्हणजे वर्ग 2 हे सरळ आहे, पण भूमिस्वामी लिहिलंय म्हणून वर्ग 1 च असं नसते, विकण्यावर बंधन असेल तर तो पण वर्ग 2 मध्येच जातो. आता टायपिंगमध्ये हुशार असलेल्या पोराला हे माहीत नसते न ज्या जुन्या तलाठ्याला हे तोंडपाठ आहे त्याचा हात कीबोर्डवर बसलेला नसतो, आणि एक वर्ग चुकला की कास्तकाराची विक्री, कर्ज सगळं अटकते, मग महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराचा दुरुस्ती आदेश येईपर्यंत थांबा. माझ्या मते खरं डिजिटल कौशल्य हेच: जुना कागद वाचता येणं न तो सिस्टीममध्ये बरोबर बसवता येणं, दोन्ही एकाच माणसाला.

फॉन्टचा त्रास पण तसाच. कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी यादी तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं न चिन्हं दिसतात, कन्व्हर्टरनं युनिकोड केलं तरी जोडाक्षरं न रफार एकदा डोळ्यानं तपासावेच लागतात, नाहीतर लाभार्थ्याचं नाव आधारशी जुळत नाही. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला बंद झाला, तरी जुनं मशीन चालू आहे तोवर ते बदलायची घाई सहसा कोणी करत नाही.

नेटचं तर काय, मेळघाट न भामरागड-एटापल्लीकडे लिंक नसली की अर्ज कागदावर घेऊन ठेवायचे न रेंज आली की भरायचे. जूनमध्ये उत्पन्न, जात, नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांची गर्दी होते तेव्हा साईट स्लो चालते, म्हणून बरेच ऑपरेटर रात्री एंट्री करतात.

शिकणं खरं होते ते शेजारी बसून. नवा तलाठी जुन्याजवळ बसतो, कोणता एरर कशानं येते, डीएससीचा (डिजिटल सहीचा) टोकन कॉम्प्युटरनं ओळखला नाही तर काय करायचं, हे वहीत लिहून घेतो. ही वही कोणत्याच अभ्यासक्रमात नाही, आणि बदली झाली की ती माणसाबरोबर जाते. म्हणून बदलीच्या वेळी चार्ज देताना दप्तराच्या यादीत हे लिहिलेलं ज्ञान पण घ्यायला पाहिजे, न नव्या-जुन्याला काही दिवस एकाच टेबलावर बसवायला पाहिजे, त्याला वेगळा निधी पण लागत नाही.