हौदातली पैदास

फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर १९३८ साली 'मरीन स्टुडिओज' उभे राहिले ते पाण्याखालचे चित्रीकरण करता यावे म्हणून. डॉल्फिन हवा असला की समुद्रातून धरून आणायचा, हा तेव्हाचा सरळ मार्ग. तिथेच १९४७ साली 'स्प्रे' नावाची डॉल्फिन जन्मली आणि जगली. त्यानंतर १९५३ साली जन्मलेली 'नेली' तर २०१४ पर्यंत, म्हणजे तब्बल ६१ वर्षे जगली. पण अशी उदाहरणे विरळाच. मादी सुमारे वर्षभर गाभण असते, पिल्लू बहुधा शेपटीकडून बाहेर येते, लगेच वर जाऊन त्याला पहिला श्वास घ्यावा लागतो आणि पोहता पोहताच आचळ शोधावे लागते. हौदातली कितीतरी पिल्ले पहिल्या काही आठवड्यांतच दगावत.

पैदाशीची खरी निकड कायद्याने आणली. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानंतर परवान्याशिवाय डॉल्फिन पकडता येईना. मग वंशावळीच्या नोंदी आल्या, डीएनएवरून बाप ठरू लागला, जवळच्या नात्यातले नर-मादी वेगळ्या हौदांत गेले. प्राणी हलवण्याऐवजी वीर्य पाठवून कृत्रिम रेतन करता येऊ लागले. नरांची आपसांतली मारामारी ही मोठी डोकेदुखी, म्हणून माद्याच जन्माव्यात यासाठी शुक्राणू निवडण्याचे तंत्र आले. त्यातून पहिले पिल्लू २००५ साली जन्मले. गंमत अशी की दुसरीकडे त्याच हौदांत जन्म रोखायचेही काम चाले, आणि त्यासाठी घोड्यांना देतात तेच आल्ट्रेनोजेस्ट हे संप्रेरक माद्यांना दिले जाई.

जपानमध्ये हा बदल उशिरा आला. ताइजी या गावी हाकारा घालून, म्हणजे कळप किनाऱ्याकडे हाकून, धरलेले डॉल्फिन घेणे तिथल्या मत्स्यालयांच्या संघटनेने २०१५ साली, तेही प्राणिसंग्रहालये-मत्स्यालयांच्या जागतिक संघटनेने तिला निलंबित केल्यावर, बंद केले. कॅनडाने २०१९ साली बंदिवासातली पैदासच कायद्याने थांबवली.

पैदास म्हणजे संवर्धन, हा मत्स्यालयांचा दावा मात्र मला नेहमीच तोकडा वाटतो. हौदांत प्रामुख्याने वाढतो तो बॉटलनोज जातीचा डॉल्फिन, आणि तो काही नामशेष होण्याच्या वाटेवर नाही. जो होता, तो चीनच्या यांगत्सी नदीतला डॉल्फिन, बायजी. १९८० साली सापडलेला 'ची ची' नावाचा नर वूहानमध्ये बावीस वर्षे राहिला, पण त्याला टिकणारी जोडीदारीण कधी मिळाली नाही. २००६ साली नदी धुंडाळली, तेव्हा एकही बायजी दिसला नाही.