सिक्स्थ फॉर्ममधील मानसशास्त्र

इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांत (वय १६ ते १८), म्हणजे सिक्स्थ फॉर्ममध्ये, ए-लेव्हल परीक्षेसाठी शिकवला जाणारा ऐच्छिक विषय. वयाने हा टप्पा आपल्याकडील अकरावी-बारावीशी जुळतो. मात्र तेथे विद्यार्थी सहसा तीनच विषय घेतो, त्यामुळे प्रत्येकाचा अभ्यास बराच खोल जातो. स्कॉटलंडची परीक्षापद्धती वेगळी आहे.

‘फॉर्म’ म्हणजे इयत्ता. या अर्थाची व्युत्पत्ती विवाद्य आहे. मुले ज्या लांब बाकावर बसत त्याला ‘फॉर्म’ म्हणत, त्यावरून हा अर्थ आला, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार तो लॅटिन ‘फोर्मा’ म्हणजे श्रेणी या शब्दापासून आला. धर्मगुरूंच्या श्रेणींनाही हाच शब्द लावला जाई, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘सिक्स्थ’वरून सहावी इयत्ता समजू नये, आजच्या गणनेत इंग्लंड व वेल्समध्ये ही १२ वी व १३ वी वर्षे होत.

ए-लेव्हल परीक्षा १९५१ मध्ये सुरू झाली. मानसशास्त्राचा तीत समावेश उशिरा, बहुधा १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाला. पूर्वी विद्यार्थ्याला स्वतः प्रयोग करून त्याचा अहवाल गुणांसाठी सादर करावा लागे. सध्या सर्व गुण लेखी परीक्षेला आहेत. इंग्लंडमध्ये २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदमच होते. एक्यूए या परीक्षा मंडळाच्या तीन प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येक दोन तासांची व ९६ गुणांची.

संशोधनपद्धती हा या विषयाचा कणा होय. किमान दहा टक्के गुण गणिती कौशल्यांसाठी राखलेले असतात. एक्यूएच्या विद्यार्थ्याला चिन्ह कसोटी हाताने सोडवता यावी लागते. समजा, बारा जणांनी शब्दांची एक यादी शांततेत व तशीच दुसरी गाणी ऐकत पाठ केली. शांततेत ज्याला जास्त शब्द आठवले त्याच्यापुढे अधिक, कमी आठवले त्याच्यापुढे उणे. दोघांना फरक पडला नाही, ते वगळायचे. उरले दहा : नऊ अधिक, एक उणे. कमी वेळा आलेल्या चिन्हाची संख्या, येथे १, हीच कसोटीची किंमत. दहा जणांसाठी पाच टक्के पातळीवर (म्हणजे निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता फार तर पाच टक्के) तक्त्यातील सीमामूल्यही १ आहे. किंमत त्याहून जास्त नसल्याने फरक सार्थ, म्हणजे केवळ योगायोगाचा नसलेला, ठरतो. दोन उणे असते तर ठरला नसता. एवढ्या छोट्या आकडेमोडीतून पुरावा कोठे संपतो आणि योगायोग कोठे सुरू होतो, हे सतराव्या वर्षी मुलांना उमगते, म्हणून तिचे मोल मोठे. कसोटीची कल्पना जुनी आहे : जॉन आर्बथनॉट याने १७१० मध्ये लंडनमधील ८२ वर्षांच्या बाप्तिस्मा नोंदी तपासल्या. दरवर्षी मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त निघाली व हा योगायोग नव्हे, असे त्याने मांडले.

स्मृती, आसक्ती (तान्ह्या मुलाचे पालकांशी जडणारे नाते), सामाजिक प्रभाव, मनोविकृती हे नेहमीचे घटक. मिलग्रॅमचा आज्ञापालनाचा प्रयोग (प्रसिद्धी १९६३) प्रत्येकाला ठाऊक असतो : प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून, दुसऱ्या माणसाला विजेचा झटका बसतो अशा समजुतीने, ४० पैकी २६ जणांनी ४५० व्होल्टची कळ दाबली. झिंबार्डोच्या १९७१ मधील तुरुंग-प्रयोगात पहारेकऱ्यांची भूमिका दिलेले विद्यार्थी कैदी झालेल्यांवर जुलूम करू लागले. त्याबाबत मात्र सावधगिरी हवी. पहारेकऱ्यांना कठोर वागण्याच्या सूचना आधीच मिळाल्या होत्या, हा आक्षेप भक्कम आहे. पुढे हॅस्लम व रायकर यांच्या तुरुंग-अभ्यासातही पहारेकरी आपोआप जुलमी झाले नाहीत. उत्तरपत्रिकेत असे मूल्यमापन करणाऱ्यालाच वरचे गुण मिळतात.

अलीकडच्या वर्षांत परीक्षार्थींच्या संख्येत हा विषय गणिताखालोखाल आहे. २०२१ पासून ती दरवर्षी ७० हजारांवर असून त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश मुली आहेत. बहुतेक विद्यार्थी सोळाव्या वर्षी तो प्रथमच शिकतात. विद्यापीठातील मानसशास्त्राच्या पदवीप्रवेशासाठी त्याची अट सहसा नसते.