घरगुती नेटवर्कमधील आयपी पत्ते

एकाच राऊटरला जोडलेले घरातले संगणक, मोबाइल, प्रिंटर, टीव्ही व कॅमेरे वेगवेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांना दिलेले आकडी पत्ते आणि ते वाटण्याची व्यवस्था.

आयपी म्हणजे इंटरनेटवर माहिती पाठवण्याचे नियम. त्यांच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा (शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा) असतो, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरत नाहीत. घरे व कार्यालये यांच्या आतल्या वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात तीन पट्टे राखून ठेवले आहेत : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. अमळनेरच्या एका घरातला १९२.१६८.१.५ आणि शिरपूरच्या दुसऱ्या घरातला तोच पत्ता एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण हे पत्ते घराबाहेर चालतच नाहीत. बाहेर जाणाऱ्या माहितीवर राऊटर स्वतःचा पत्ता घालतो. याला नॅट म्हणतात.

पत्ते वाटण्याचे काम राऊटरमधली डीएचसीपी ही व्यवस्था करते. नवे यंत्र नेटवर्कभर हाक देते, राऊटर पत्ता सुचवतो, यंत्र तो मागते, राऊटर मंजूर करतो. पत्ता मुदतीपुरताच मिळतो. साधारण निम्मी मुदत सरली की यंत्र ती वाढवून मागते.

मोबाइलचा पत्ता बदलला तरी काही बिघडत नाही. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर यांचे मात्र अडते. घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचे दुकान असेल आणि वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला दुसराच पत्ता मिळाला, तर संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. अशा वेळी प्रिंटरमध्ये मनाने एखादा आकडा टाकणे चूक आहे. राऊटर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देऊन बसतो आणि दोन्ही यंत्रे अडखळतात. यंत्राच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे बनवतानाच त्याला दिलेल्या ओळख-क्रमांकावरून, राऊटरमध्येच पत्ता राखून ठेवणे हा खात्रीचा मार्ग. राऊटरमध्ये ती सोय नसेल, तर वाटपाचा पट्टा पत्त्याच्या शेवटच्या आकड्यात १०० ते २०० असा आखावा आणि कायमचे पत्ते १०० च्या खाली ठेवावेत.

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत आणखी एक पेच पडतो. मातीच्या जाड भिंतींपलीकडे वायफाय नीट पोचत नाही, म्हणून मागच्या खोलीत दुसरा राऊटर बसवला जातो. दोघांचीही डीएचसीपी चालू असली आणि वायर एकाच्या लॅनमधून (घरातल्या यंत्रांसाठीच्या खाचेतून) दुसऱ्याच्या लॅनमध्ये जोडलेली असली, तर जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता यंत्राला मिळतो. मग एकाच घरातल्या काही मोबाइलवर इंटरनेट चालते, काहींवर नाही, आणि दोष कनेक्शनला दिला जातो. उपाय पाच मिनिटांचा आहे. पहिला राऊटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ असा मोकळा पत्ता द्यावा, त्याची डीएचसीपी बंद करावी आणि वायर त्याच्या लॅनमध्येच लावावी, वॅनमध्ये (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या खाचेत) नाही. घरात पत्ते वाटणारा एकच असावा.

संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याच्या हाकेला कोणीच उत्तर दिलेले नाही असे समजावे. आधी वायर तपासावी, मग राऊटर.