थायरॉईडची गोळी मानवत नाही? येताना जुनं पाकीट आणा

"ही गोळी मला मानवत नाही, दुसऱ्या कंपनीची द्या," असं सांगणारं कोणी ना कोणी आमच्या औषधाच्या दुकानात नेहमी येतं. आधीचं पाकीट मागितलं की उत्तर मिळतं, "ते टाकून दिलं, पण गोळी पिवळी होती." गाडी इथेच अडते. काही कंपन्या प्रत्येक ताकदीच्या गोळीला वेगळा रंग देतात, काहींच्या सगळ्याच गोळ्या पांढऱ्या असतात. नुसत्या रंगावरून आम्ही गोळी देत नाही, आणि देणारही नाही. २५ आणि १०० मायक्रोग्रॅममध्ये चौपट फरक आहे.

पाकिटाचा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे. या गोळीतलं मूळ औषध लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपली थायरॉईड ग्रंथी तयार करते तेच हार्मोन, फक्त कारखान्यात बनवलेलं. त्यामुळे मूळ औषधाची ॲलर्जी फार क्वचित होते. अंगाला खाज सुटली, पुरळ आलं, गांधी उठल्या, तर संशय बहुधा गोळीतल्या बाकीच्या घटकांवर जातो: रंग, डिंक, लॅक्टोज, स्टार्च. हे घटक कंपनीगणिक बदलतात. आधीच्या गोळीत काय होतं तेच कळलं नाही, तर नव्या गोळीतही नेमकं तेच येऊ शकतं.

ओठ, चेहरा किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर मात्र पाकीट शोधत बसू नका. पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा. छातीत दुखू लागलं तरीही तातडीने जा.

आमच्या अनुभवात ज्याला 'ॲलर्जी' म्हटलं जातं, ते बऱ्याचदा डोस जास्त झाल्याचं लक्षण असतं. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं, जुलाब, वजन उतरणं अशा तक्रारी कंपनी बदलून जात नाहीत. डॉक्टरांना सांगून रक्तातलं टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की वाढणारं, जास्त झालं की उतरणारं हार्मोन) तपासावं लागतं. डोस दीर्घकाळ जास्त राहिला तर हाडं ठिसूळ होतात, ठोके अनियमित होऊ शकतात, उतारवयात विशेषच. सुरुवातीच्या काही महिन्यांत केस गळतात, ते बहुतेकांचे थांबतात.

अशा तक्रारींवर 'चार दिवस बंद करून बघते' हा उपाय करू नका. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे चार दिवसांत धड काही कळत नाही. बरेच दिवस बंद ठेवून तपासणी केली, तर टीएसएच वाढलेलं दिसतं, डोस वाढतो आणि धडधड पुन्हा सुरू होते. कंपनी बदलली तरी ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पाहून घ्या. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर मध्ये ४ तासांचं अंतर ठेवा. त्या पोटात हे औषध अडवतात.

न विचारता आम्ही कंपनी बदलत नाही. तुम्ही घेत असलेली कंपनी आणि ताकद आमच्या वहीत लिहिलेली असते, आणि कोणत्या गोळीत कोणता रंग आहे ते पाहून सांगतो. बिनरंगाची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल, तर आधीची संपायच्या आठवडाभर आधी कळवा, मागवून ठेवू.