स्नोफ्लेक ईल आणि ‘फ्रेशवॉटर स्नोफ्लेक’: फरक मिठाचा आहे

“माझी फ्रेशवॉटर स्नोफ्लेक काही खातच नाही, काय करू?” हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की आता एकदाच सविस्तर लिहितो. ईल म्हणजे सापासारखा लांबट मासा. असे दोन वेगळे मासे, जवळपास एकच नाव, आणि त्यापायी एकाचा हकनाक जीव जातो.

खरी स्नोफ्लेक, म्हणजे एकिड्ना नेब्युलोसा, खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. पांढरं अंग, काळ्या फाटक्या डागांच्या दोन रांगा, पिवळ्या नाकपुड्या, खेकडे फोडायला बोथट दात. दुसरी, ‘फ्रेशवॉटर स्नोफ्लेक’ म्हणून विकली जाणारी, जिम्नोथोरॅक्स टिले. करडी-तपकिरी, अंगभर खसखशीएवढे सोनेरी ठिपके, दात टोकदार, लांबी फार तर दोन फूट. शेजारी शेजारी ठेवल्या तर लहान मूलही ओळखेल.

घोळ होतो तो पाण्याचा. टिलेचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात केलं. गंगा म्हटली की गोडं पाणी, असं लोक धरून चालतात. पण ही मुखाजवळच्या खाड्यांतली मोरे (स्नोफ्लेकच्याच कुळातली ईल) आहे. तिथे भरतीला पाणी खारं होतं, ओहोटीला मचूळ, आणि पावसाळ्यात वरून लोंढा आला की काही दिवस जवळजवळ गोडं. तेवढे दिवस ती निभावून नेते. दुकानात ती गोड्या पाण्यात धडधाकट दिसते ती याच जोरावर, आणि विकणारा तेवढंच बघून ‘फ्रेशवॉटर’ची चिठ्ठी लावतो. या चिठ्ठीचा मला मनापासून राग आहे.

समुद्रात माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं; म्हणून तो खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं होतं. पाणी आत शिरत राहतं, अंगातले क्षार झिरपून जातात, आणि ते पाणी उपसायला मूत्रपिंडं रात्रंदिवस राबतात. टिले हे काही काळ करू शकते, कायम नाही. आधी खाणं सुटतं, मग ती खंगत जाते. याला महिने लागतात, म्हणून कुणाला पाण्याचा संशयच येत नाही.

माझी पहिली टिले अशीच आणलेली. पाइपातून फक्त तोंड बाहेर, उघडझाप चालू. (ती उघडझाप म्हणजे श्वास, राग नव्हे.) चिमट्यात धरलेली माकूळ नाकाला लागली तरी मान वळवायची. तीन आठवडे असेच गेले. मग पाण्यात मीठ वाढवायला घेतलं; विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचं माप, गोड्या पाण्याचं १.०००) आठवड्याला ०.००२ हून जास्त वाढवायचं नाही, म्हणजे फिल्टरमधले पाणी साफ ठेवणारे जिवाणूही तगतात. १.०१० च्या आसपास एका रात्री तिने मान पुढे काढली, दोनदा हुंगलं, आणि चिमटाच ओढला.

मीठ अ‍ॅक्वेरियमचं सागरी मिश्रणच हवं. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम त्यातून मिळत नाही. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) घ्या, अंदाजाने चमचे टाकू नका. मी १.०१५ च्या खाली थांबत नाही. पूर्ण खाऱ्यापर्यंत, म्हणजे १.०२५ पर्यंत नेलं तरी तिला चालतं.

बाकी सगळं दोघींना सारखंच: झाकण घट्ट, लपायला पाइप, आठवड्यातून दोन-तीनदा खाणं. जिवंत गप्पी मात्र घालू नका. त्यांच्यासोबत रोग येतात. आणि टिलेसोबत छोटे मासे ठेवू नका, ती ते खाते.

गोड्या पाण्यातच काही लांबट ठेवायचं असेल तर आपल्या नद्यांतली वाम बघा. ती मोरे नव्हे, पण तिला मीठ लागत नाही. तळाला बारीक वाळू द्या. संध्याकाळी तिचं टोकदार नाक तेवढं वाळूबाहेर दिसेल.