पहिला कंडेन्सर आणि रेक्टिफायरचा जीव

नाशकात गणपतीच्या मांडवातले कर्णे एके काळी व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर वाजायचे. त्यातला एखादा अँप अजूनही कुणाच्या माळ्यावरून खाली उतरतो. दुरुस्त करणारा गुरगुर घालवायला रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) लगेच पुढचा, म्हणजे पहिला, वाळलेला ३२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढतो आणि १०० चा बसवतो. गुरगुर जाते. पुढे कधीतरी रेक्टिफायर व्हॉल्व्हही जातो.

हे दुखणं जुनंच आहे. फ्लेमिंगचा डायोड व्हॉल्व्ह १९०४ चा. पुढे घराघरांतले रेडिओ विजेवर चालू लागले, तसा तो एसीचा डीसी करण्याच्या कामाला लागला. अँप सलग १०० मिलिअँपिअर ओढतो, पण कंडेन्सर भरतो तो लाटेच्या शेंड्यावर, क्षणभरच. तेवढ्यात सगळा हिशेब चुकता करायचा, म्हणून रेक्टिफायरमधून कित्येक पट मोठा झटका जातो. कंडेन्सर वाढवला की झटका अरुंद आणि उंच होतो. जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या डेटाशीटवर पहिल्या कंडेन्सरला ६० मायक्रोफॅरडची मर्यादा छापलेली आहे ती उगीच नाही.

हा झटका कागदावर काढणं मात्र किचकट होतं. आरसीए या अमेरिकन कंपनीतल्या ओ. एच. शेडने १९४३ मध्ये त्याचे आलेख प्रसिद्ध केले, आणि नंतरच्या कित्येक डिझायनरांनी त्यावर पट्टी ठेवूनच पॉवर सप्लाय बेतले. १९७३ मध्ये बर्कली विद्यापीठातून स्पाइस आलं, सर्किट कॉम्प्युटरवर चालवून पाहणारा प्रोग्रॅम. पुढे डंकन मन्रोचं फुकट मिळणारं, फक्त पॉवर सप्लायसाठीचं पीएसयू डिझायनर घरच्या कॉम्प्युटरवर चालू लागलं आणि शेडचे आलेख मागे पडले.

प्रोग्रॅमला खरा आकडा द्यावा लागतो तो ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याच्या तारेच्या रोधाचा, आणि नेमका तोच लोक अंदाजाने भरतात. मल्टिमीटर लावा. अर्धी सेकंडरी (रेक्टिफायरकडच्या वेटोळ्याचा मधल्या टोकापासूनचा अर्धा भाग) ६० ओहम, प्रायमरी (मेन्सकडचं वेटोळं) ६ ओहम, व्होल्टेज २३० चे ३०० होत असेल, तर गुणोत्तर १.३. त्याचा वर्ग १.७, म्हणजे प्रायमरीचे साधारण १० ओहम सेकंडरीच्या बाजूने दिसतात. एकूण ७०. डेटाशीटमध्ये रेक्टिफायरच्या दर अ‍ॅनोडला (धन टोकाला) किमान किती हवेत ते दिलेलं असतं. कमी पडले तर रेझिस्टर जोडायचा. (सर्किट अमेरिकन असेल तर ६० हर्ट्झ बदलून ५० करायला विसरू नका. त्याच कंडेन्सरवर रिपल (डीसीवर उरलेली लहर) सुमारे २० टक्के वाढतो.)

प्रोग्रॅमच्या आलेखात सुरुवातीलाच, स्विच लावल्याक्षणी, एक भलामोठा सुळका दिसतो. स्पाइसमधल्या साध्या डायोडला फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) नसतं, तो पहिल्या क्षणापासून तापलेलाच असतो. त्यामुळे ‘खरा व्हॉल्व्ह हळूहळू तापतो’ म्हणत तो सुळका सोडून देतात. पण वीज दोन-तीन सेकंद जाऊन परत आली, की कंडेन्सर रिकामा आणि फिलामेंट गरम. लोडशेडिंग पाहिलेल्या आपल्या गावात रेक्टिफायर तपासायचा तर त्या सुळक्यावरच.